माणूस तिकडे, खातं इकडे

कपाटात साड्यांच्या घडीखाली एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात रेशनकार्ड, एलआयसीच्या पावत्या, घरपट्टीची बिलं आणि रबर लावलेली दोन-तीन पासबुकं. त्यातल्या एकावरचा फोटो कॉलेजातल्या पोराचा, पत्ता डोंबिवलीचा. पोरगा आता चाळिशीला टेकलाय आणि अकरा वर्षं शारजात आहे. आई मात्र दर तीन-चार महिन्यांनी बँकेत जाऊन पासबुक भरून आणते. त्यात नवीन असं काय छापून येतं? तिमाहीचं व्याज, विम्याचा हप्ता, एसएमएसचे कापलेले पैसे. ‘खातं चालू असलेलं बरं,’ एवढंच तिचं म्हणणं. बँकेच्या दप्तरी हा पोरगा अजून डोंबिवलीतच राहतो. कायद्याच्या दृष्टीने नोकरीसाठी देश सोडला त्या दिवशीच तो अनिवासी झाला, आणि त्याचं साधं बचत खातं त्यानंतर या रूपात राहायलाच नको होतं.

ज्या सोसायटीत असं एकही पासबुक नाही, ती सोसायटी आता शोधावी लागेल. परदेशातून येणारा पैसा म्हटलं की डोळ्यांसमोर केरळ येतं. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के निघाला आणि केरळचा १९.७. मुंबईतल्या शाखांत जमा होणारा सगळाच पैसा मराठी घरांचा नसतो, हे धरूनच हा आकडा वाचायला हवा. तरीही तो लहान नाही. देशांच्या यादीत अमेरिका पहिली, २७.७ टक्क्यांवर, संयुक्त अरब अमिराती दुसरी, १९.२ टक्क्यांवर. मार्च २०२५ अखेर अनिवासी भारतीयांच्या इथल्या ठेवी १६० अब्ज डॉलरच्या वर गेल्या होत्या. हा पैसा कुठल्या ना कुठल्या खात्यातच येऊन पडतो. खातं कुठल्या जातीचं, यावर त्याचं पुढचं भवितव्य ठरतं.

मुळात खातं ठेवायचंच कशाला? सोसायटीचा मेंटेनन्स, महावितरणचं बिल, फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता, आई-वडिलांची औषधं, गावच्या घराची कौलं बदलायला लागलेला गवंडी. ही झाली रोजची कारणं. गल्फमध्ये राहणाऱ्याला आणखी एक कारण असतं आणि त्याला तारीखही आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना तिथून बाहेर काढावं लागलं. त्यांत केरळी होते तसे गोव्याचे होते, रत्नागिरी-रायगडचेही होते. कुवेती दिनार इराकने रद्दच करून टाकला. ज्यांची बचत कुवेतच्या बँकेत होती ती तिथेच अडकली. ज्यांनी दर महिन्याला घरी ड्राफ्ट पाठवला होता, त्यांना उतरल्यावर निदान हाताशी काही होतं. कोकणातल्या जुन्या गल्फवाल्यांना अजूनही पगार तिकडच्या बँकेत साठू द्यायला आवडत नाही, त्यामागे ही आठवण आहे.

तर खातं हवं, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कुठलं, याबद्दल.

इथे भारताची रीत थोडी वेगळी आहे. ब्रेक्झिटनंतर २०२० मध्ये ब्रिटनमधल्या काही मोठ्या बँकांनी युरोपात राहणाऱ्या आपल्याच ब्रिटिश ग्राहकांना खाती बंद होत असल्याची पत्रं पाठवली. त्या त्या देशात बँकिंगचा परवाना चालू ठेवणं त्यांना परवडणार नव्हतं. वर्षानुवर्षांचे ग्राहक, पेन्शन त्याच खात्यात येणारं, आणि हातात अवघ्या काही आठवड्यांची मुदत. भारतीय बँक असं करत नाही. ती म्हणते, खातं राहू दे, फक्त त्याचं नाव बदल. गेलास ते सांग. साध्या बचत खात्याचं ‘एनआरओ’, म्हणजे अनिवासीचं खातं, करून घे.

आणि सांगणंच कुणाला जमत नाही. काहींना माहीत नसतं, काहींना कंटाळा असतो, काहींना वाटतं की दोन वर्षांचं तर कॉन्ट्रॅक्ट आहे, परत यायचंच आहे. ‘परत यायचंच आहे’ या वाक्यावर न्यू जर्सीत मुलं कॉलेजला गेलेली घरं आहेत.

फेमा, म्हणजे १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, माणसाचा इरादा बघतो. नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा किती काळ राहणार हे ठरलेलं नाही अशा बेताने देश सोडला, की तो अनिवासी. तिकीट परतीचं होतं की नाही, हे तो विचारत नाही. अपवाद फक्त नेपाळ आणि भूतानचा. काठमांडूत नोकरी लागली तर खातं जसंच्या तसं चालतं. आयकराचा कायदा मात्र दिवस मोजतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात भरले तर निवासी. दोन कायदे, दोन मोजपट्ट्या, आणि माणूस एकच.

याचा घोळ कसा होतो ते पाहायचं तर नोव्हेंबरात दुबईला नोकरीवर रुजू झालेला इंजिनियर घ्यावा. फेमाच्या हिशेबात तो नोव्हेंबरातच अनिवासी झाला. खातं तेव्हाच बदलायला हवं. पण एप्रिल ते ऑक्टोबर तो पुण्यातच होता, म्हणजे १८२ दिवस केव्हाच भरले. आयकराच्या हिशेबात त्या वर्षापुरता तो निवासी राहिला आणि नोव्हेंबर ते मार्चचा दुबईचा पगारसुद्धा भारतातल्या विवरणपत्रात दाखवायचा. दुबईत कर नसतो असं सांगून त्याला नेलेलं असतं. हा भाग कुणी सांगितलेला नसतो. गंमत अशी, की त्याच वर्षी त्याने तिकडच्या पैशासाठीचं एनआरई खातं उघडलं तर त्यावरचं व्याज करमुक्त, कारण ती सवलत फेमाच्या व्याख्येला बांधलेली आहे. २०२० च्या अर्थसंकल्पाने यात आणखी एक गाठ मारली: भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १८२ ऐवजी १२० दिवसांतच निवासी होण्याची वेळ येऊ शकते, आणि तेवढं उत्पन्न असून दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागत नसेल अशा भारतीय नागरिकाला तर निवासी मानलंच जातं.

दिवस मोजण्यात सगळ्यांत तरबेज कोण, तर बोटीवरचे लोक. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किती घरांची चूल अशा पगारांवर पेटते, हे बंदराजवळच्या कुठल्याही गावात कळेल. त्यांच्या सीडीसी नावाच्या नोंदपुस्तिकेत बोटीवर चढल्याची आणि उतरल्याची तारीख असते आणि तीच कराच्या हिशेबात चालते. पण त्यांची अडचण दिवसांपुरती नव्हती. अनिवासी माणसाला जे उत्पन्न भारतात ‘मिळतं’ त्यावर इथे कर बसतो. परदेशी कंपनीने पगार थेट मुंबईच्या खात्यात टाकला, तर तो भारतात मिळाला का? काही अधिकाऱ्यांनी तसं धरून कर लावला आणि प्रकरणं लवादापर्यंत गेली. शेवटी ११ एप्रिल २०१७ ला प्रत्यक्ष कर मंडळाने १३/२०१७ क्रमांकाचं परिपत्रक काढलं: परदेशी जहाजावर देशाबाहेर केलेल्या कामाचा अनिवासी खलाशाचा पगार केवळ भारतातल्या एनआरई खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही. परिपत्रकात शब्द ‘एनआरई’ असा आहे. जुन्या बचत खात्यात पगार घेत राहिलेल्याला त्या ओळीचा आधार घेता येत नाही. खात्याच्या नावापुढच्या तीन अक्षरांना किती किंमत असते, ते इथे दिसतं.

या अक्षरांचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा. एनआरओ हे इथल्या पैशासाठी: भाडं, लाभांश, पेन्शन, वाटणीत आलेले पैसे. एनआरई हे तिकडून येणाऱ्या पैशासाठी. १९७० पासून ही सोय आहे. एनआरईतला पैसा केव्हाही, कितीही परत नेता येतो आणि व्याजावर इथे कर नाही. एनआरओतला पैसा वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतो, पण आधी कर चुकता केल्याचे कागद आणि सीएचा दाखला लागतो. एनआरईतून एनआरओत पैसे हलवणं सोपं, उलट दिशेने कटकटीचं. आणि एनआरईत इथली रोकड भरता येत नाही. दिवाळीला घरी आलेल्या मुलाच्या हातावर आजीने ठेवलेले पाचशे रुपयेसुद्धा त्या खात्यात जात नाहीत. ते पैसे इथले. त्यांची जागा एनआरओत.

एनआरओची खरी चव पहिल्या वर्षाच्या व्याजात कळते. ५ लाखांची मुदत ठेव, ७ टक्के दराने वर्षाचं व्याज ३५ हजार. त्यातून उगमातच ३१.२ टक्के कापले जातात, म्हणजे १०,९२० रुपये. इथल्या माणसाला जशी ठरावीक रकमेपर्यंत कपातच नाही, तशी सूट इथे नाही. पहिल्या रुपयापासून कात्री. भारतातलं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर विवरणपत्र भरून हे पैसे परत मिळतात, पण विवरणपत्र भरावं लागतं. दुहेरी कर टाळण्याच्या करारांचा आधार घेऊन कपातीचा दर कमीही करून घेता येतो, अमेरिकेसाठी १५ टक्के, अमिरातीसाठी १२.५. त्यासाठी तिकडच्या कर खात्याकडून रहिवासाचा दाखला आणून दरवर्षी बँकेत द्यायचा. अनेक जण पहिल्या वर्षी देतात, दुसऱ्या वर्षी विसरतात.

तिसरा प्रकार एफसीएनआर, म्हणजे परकीय चलनातली मुदत ठेव, एक ते पाच वर्षांची. याची जाहिरात कमी दिसते, कारण व्याजाचा आकडा एनआरईइतका डोळ्यांत भरत नाही. पण २०११ च्या मध्यावर डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. तेव्हा १० हजार डॉलरचे साडेचार लाख करून एनआरईत ठेवले असते आणि दरवर्षी ७ टक्क्यांनी चक्रवाढ झाली असती, तर १४ वर्षांत त्याचे सुमारे ११ लाख ६० हजार झाले असते. पासबुकात आकडा अडीचपटीच्या वर. डॉलरमध्ये मोजला तर जेमतेम १२,९००. ज्याला परत इथेच यायचं आहे त्याला रुपयातला आकडा खरा. ज्याची मुलं बोस्टनच्या कॉलेजात फी भरणार आहेत त्याला डॉलरमधला. परत यायचं की नाही हे ठरवल्याशिवाय कुठली ठेव चांगली याचं उत्तर देता येत नाही आणि तेच ठरवायचं बहुतेकांनी पुढे ढकललेलं असतं.

सरकारला या ठेवींची आठवण अडचणीच्या वेळी हमखास येते. १९९१ च्या संकटात अनिवासींनी ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली आणि देशाचा डॉलरचा साठा आणखी आटला. उलट २०१३ मध्ये रुपया घसरत असताना रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी बँकांसाठी विनिमयाची खास खिडकी उघडली, तेव्हा काही आठवड्यांत एफसीएनआर ठेवींतून २६ अब्ज डॉलर आले. दोन्ही वेळा ठेवीदार तेच.

आता पुन्हा डोंबिवलीच्या पासबुकाकडे. नियम मोडला तर फेमात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे, पण विम्याच्या हप्त्यापुरत्या शिल्लक असलेल्या खात्यामागे ईडी लागत नाही. बोचतं ते भलत्याच ठिकाणी: फ्लॅट विकताना. निवासी माणसाने ७० लाखांना घर विकलं तर खरेदीदार १ टक्का, म्हणजे ७० हजार रुपये कर कापून भरतो. विकणारा अनिवासी असेल तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर, मिळून १४.३ टक्के. कमी कपातीचा दाखला आधी काढलेला नसेल तर ही टक्केवारी नफ्यावर न लागता सगळ्या किमतीवर लागते. सुमारे १० लाख रुपये. म्हणून कुणीतरी सुचवतं, अरे जुनं खातं आहेच, तेच दाखव. खरेदीदार भोळेपणाने १ टक्का कापतो, आणि दोन वर्षांनी उरलेल्या कराची नोटीस त्याच्या दारात येते, कारण कापण्याची जबाबदारी त्याची होती. भाडेकरूचंही तसंच. घरमालक अनिवासी असेल तर भाड्यातून ३१.२ टक्के कापून सरकारात भरणं भाडेकरूचं काम आहे, भाडं महिना आठ हजार असलं तरी. ही गोष्ट भाडेकरूला ना दलाल सांगतो, ना मालक.

पासपोर्ट बदलला की आणखी एक पदर सुटतो. पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला, स्विंडनला गेलेल्या गोवेकरांचं भारतीय नागरिकत्व संपतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर त्यांना एनआरओ-एनआरई दोन्ही ठेवता येतं, काही अडत नाही. अडतं ते मडगावच्या शाखेत भारतीय पासपोर्टच्या झेरॉक्सवर वीस वर्षं चाललेलं खातं.

कायद्याचं असं. पण परदेशातल्या माणसाला विचारलं, खात्याचा त्रास कशाचा, तर तो कायद्याचं नाव घेणार नाही. तो म्हणेल, ओटीपी.

न्यू जर्सीत हिवाळ्यात रात्रीचे नऊ वाजलेले असतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसात. मुलगा लॅपटॉपवर मालमत्ता कर भरत असतो. ओटीपी येतो तो भारतातल्या नंबरवर. ते सिम जुन्या फोनमध्ये, फोन टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवर उघडायला आई. आईचा चष्मा स्वयंपाकघरात. ती आकडे वाचते, शेवटचा सहा आहे की आठ यावर दोघांचं एकमत होईपर्यंत वेळ संपतो. पुन्हा पाठव. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँक दर संदेशात बजावते, आणि कितीतरी कुटुंबांचे सगळे व्यवहार रोज हाच नियम मोडून चालतात. सिम वापरलं नाही तर ९० दिवसांनी बंद पडू शकतं. प्रीपेडमध्ये २० रुपये शिल्लक असतील तर मुदत वाढते. त्या २० रुपयांवर कधी कधी आयुष्यभराची बचत टांगलेली असते, कारण नंबर बंद होऊन दुसऱ्या कुणाला गेला की बँकेत नवा नंबर नोंदवायला स्वतः शाखेत या म्हणतात.

२०२३ च्या सुरुवातीला यात जरा उजाडलं. सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, अमिराती आणि ब्रिटन या दहा देशांच्या मोबाइल नंबरवरून एनआरओ-एनआरई खात्यांना यूपीआय वापरायची वाट मोकळी झाली. मस्कतमध्ये बसून गावच्या गणपती मंडळाची वर्गणी क्यूआर कोडवर भरता येते. पण हे कुणाला? ज्याने खातं रीतसर बदलून घेतलं त्याला. जुनं बचत खातं जुन्याच नंबराला बांधलेलं राहतं.

ओटीपीनंतर केवायसी. कमी जोखमीच्या ग्राहकाची ओळख दहा वर्षांनी, जास्त जोखमीच्याची दोन वर्षांनी पुन्हा तपासायची, असा नियम आहे. व्हिडिओ कॉलवरून ओळख पटवायची सोय आली तेव्हा परदेशातल्यांना वाटलं, सुटलो. पण २०२१ च्या नियमांत भारताबाहेरच्या आयपी पत्त्यावरून येणारा असा कॉल रोखायची अट घातली गेली. ज्यांना या सोयीची सर्वांत जास्त गरज, नेमके तेच दाराबाहेर. मग राहतो जुना मार्ग: पासपोर्टची प्रत भारतीय वकिलातीतून, तिकडच्या नोटरीकडून किंवा भारतीय बँकेच्या तिथल्या शाखेतून साक्षांकित करून कुरिअरने पाठवायची. ती पोचते, आणि आठवड्याने उत्तर येतं की सही जुळत नाही. सही एकोणिसाव्या वर्षी केलेली होती, मराठीत, पूर्ण नावाची. आताची इंग्रजीत आहे आणि एका झटक्यात संपते.

आईला खात्यात जोडलं तर हे सगळं सुटेल, असं वाटतं. थोडं सुटतंही. अनिवासी माणसाला जवळच्या निवासी नातेवाइकाबरोबर संयुक्त खातं ठेवता येतं, पण ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ या पद्धतीनेच: पहिलं नाव असलेला हयात असेपर्यंत खातं त्याचं, दुसऱ्याचा हक्क त्याच्या पश्चात. आईने रोज पैसे काढावेत असं हवं असेल तर वेगळं अधिकारपत्र द्यावं लागतं. त्यावर ती इथली बिलं भरू शकते, मुलाला त्याचेच पैसे पाठवू शकते. एनआरईतून बहिणीच्या लग्नाला भेट म्हणून रक्कम देऊ शकत नाही. मुखत्यारपत्र परदेशात केलं असेल तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावं लागतं, हे अनेकांना चौथ्या महिन्यात कळतं. आणि मुखत्यारपत्र देणाऱ्याबरोबरच संपतं. मुलगा वारल्यावर बापाने त्याच्या मुखत्यारपत्रावर काढलेले पैसे हा नुसता दुःखाचा नाही, बेकायदा व्यवहार होतो. त्यापेक्षा नॉमिनीचं नाव लावायला दोन मिनिटं लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नावं लावता येतात.

सहकारी बँकांचा वेगळा पेच आहे, आणि तो खास आपल्याकडचा. मराठी मध्यमवर्गाचं पहिलं खातं बहुधा नागरी सहकारी बँकेत किंवा ऑफिसच्या पतपेढीत असतं. मॅनेजर ओळखीचा, व्याज अर्धा टक्का जास्त. पतपेढीत अनिवासी खातं नसतं आणि सहकारी बँकांतही परवानगी असलेल्यांतच असतं. शिवाय ठेव विम्याचं कवच एका बँकेत माणशी ५ लाखांचं, तेही फेब्रुवारी २०२० पासून; त्याआधी १ लाख. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १ हजार रुपये काढता येत होते. इथला माणूस निदान शाखेसमोर जाऊन ओरडू तरी शकतो.

तिकडच्या सरकारला काय सांगायचं, हा निराळाच अध्याय. अमेरिकेत राहणाऱ्याची परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात एखाद्या दिवशीही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर ‘एफबार’ नावाचा अहवाल भरावा लागतो. एनआरई, एनआरओ, आईबरोबरचं संयुक्त खातं, सगळं त्यात. एनआरईचं इथे करमुक्त असलेलं व्याज तिकडे करपात्र धरलं जातं, हे ऐकून बरेच जण आधी विश्वासच ठेवत नाहीत. अलेक्झांड्रू बिटनर या गृहस्थांचा खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. जन्म रोमानियाचा, नागरिकत्व अमेरिकेचं, १९९० मध्ये धंद्यासाठी मायदेशी परतले आणि पाच वर्षांचे अहवाल भरायचे राहिले. सरकारने मुद्दाम लपवल्याचा आरोप केला नाही, पण २७२ नोंदींना प्रत्येकी १० हजार लावून २७ लाख २० हजार डॉलरचा दंड मागितला. २८ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की दंड खात्यामागे नाही, अहवालामागे. रक्कम ५० हजारांवर आली. मायदेशातलं खातं विसरणं किती महाग पडतं, याचा स्वस्तातला आकडा हा. आणि विसरलो म्हणून लपत नाही: खात्यांची माहिती एकमेकांना देण्याचा भारत-अमेरिका करार जुलै २०१५ मध्ये झाला, इतर देशांशी माहितीची देवाणघेवाण २०१७ पासून चालू आहे. बँकेने परदेशातला पत्ता विचारला तर तो पत्ता कुठे जाणार, हे उघड आहे.

विसरलेल्या खात्याचं इथे काय होतं? दोन वर्षं ग्राहकाने स्वतः काही व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागृती निधीत जाते. बँकांनी तिकडे वळवलेली अशी रक्कम जून २०२५ पर्यंत ६७ हजार कोटींच्या आसपास पोचली होती. पैसे बुडत नाहीत. केव्हाही मागता येतात, आणि ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ पोर्टलवर नावाने शोधताही येतात. एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावायला आणि खातं पुन्हा सुरू करायला पैसे घ्यायला बंदी आहे. तरी मागायचे म्हणजे पुन्हा केवायसी आणि पुन्हा तीच सही.

आणि कुणी खरंच परत आलं तर सगळं उलटं. एनआरओचं पुन्हा साधं खातं, एनआरईची करमुक्ती संपली, एफसीएनआर मुदतीपर्यंत चालू, परकीय चलन ठेवायचं असेल तर आरएफसी नावाचं खातं. जाताना न सांगितलेल्याला येताना सांगायलाही काही उरत नाही. त्याचं खातं जागचं हललेलंच नसतं.

डोंबिवलीच्या त्या आईने या वेळी पासबुक भरायला गेल्यावर काउंटरवरच्या मुलीला सहज सांगितलं, मुलगा शारजात असतो. मुलीने छापायचं थांबवून एक फॉर्म काढून दिला, एनआरओ करून घ्या म्हणाली. पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, मुलाची सही, परदेशातला पूर्ण पत्ता. आईने तिथेच बाकावर बसून व्हॉट्सॲपवर फोन लावला. शारजात टपाल घरी येत नाही, कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर येतं. नंबर मुलालाही पाठ नव्हता. ‘कामावरून घरी गेलो की पाठवतो,’ तो म्हणाला. आईने फॉर्मची घडी करून पासबुकात ठेवली आणि पासबुक पिशवीत.